मुंबईचा रक्तगट

'रक्त' हा शब्द आपण दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरतो. बोट कापले असता दिसते ते एक रक्त. दुसरे वंशाचे रक्त. ते मात्र आजवर कोणाच्या दृष्टीस पडलेले नाही. 'रक्ताचे नाते', 'ते आमच्या रक्तातच नाही', असे आपण म्हणतो तेव्हा मनात असते ते हे दुसरे रक्त. आईबापांचे रूप, रंग, स्वभाव हे सारे मुलांत रक्तावाटेच उतरते अशी समजूत केवळ आपल्याकडे नव्हे, तर बहुतेक साऱ्या जगात होती. आणि ती अडाणी लोकांचीच होती असेही नव्हे.

इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाने ह्या समजुतीची परीक्षा घेण्याचे ठरविले. त्याचा आतेमामे नात्यातला भाऊ चार्ल्स डार्विन याने असे अनुमान मांडले होते की, शरीराच्या प्रत्येक भागातून सूक्ष्म कण निघतात, ते बीजात एकत्र होतात आणि त्यांच्यामुळे संततीला आईबापांचे गुण लाभतात. हे कण शरीरात फिरत असतील तर ते रक्तातच असले पाहिजेत, असे गॉल्टनने धरले. त्याने रुपेरी करड्या रंगाचे ससे घेतले, त्यांच्या शिरांत इतर रंगांच्या सशांचे रक्त घातले आणि मग त्यांची पिलावळ वाढविली. पिले रुपेरी करडीच निपजली! हा निष्कर्ष त्याने १८७१ साली प्रसिद्ध केला. डार्विनने उत्तर दिले की, आपण रक्ताचे नाव कोठेच घेतलेले नाही. ते अक्षरशः खरे होते. वारसा रक्तातून जात नाही हे सशांनी सिद्ध केले होते.

गंमत अशी की, पुढे काही दशकांतच हेच रक्त मनुष्यातील वारशाचा अभ्यास करण्याचे सर्वांत बिनचूक साधन ठरले. रक्त वारसा वाहून नेत नाही, परंतु वारशाची खूण मात्र अंगावर वागविते. ही खूण वाचावयास माणसे कशी शिकली आणि त्या वाचनातली एक मोठी चूक आपल्या मुंबई शहराने कशी दाखवून दिली, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

ग्रेगोर मेंडेल या मठवासी साधूने ब्रून येथील मठाच्या बागेत वाटाण्यावर केलेले प्रयोग आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत वाचले असतील. १८६५ साली त्याने आपला निबंध तेथील निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचला, तो पुढील वर्षी छापला गेला, आणि १९०० साल उजाडेपर्यंत त्याची कोणी फारशी वास्तपुस्त केली नाही. मेंडेलचे म्हणणे थोडक्यात असे: प्रत्येक गुणामागे बीजातील एक घटक असतो, तो आईकडून एक व बापाकडून एक असा जोडीने येतो, जोडीतला एक दुसऱ्याला झाकू शकतो, परंतु झाकलेला घटक नाहीसा होत नाही, तो पुढील पिढीत पुन्हा डोके वर काढतो. ह्या घटकाला डॅनिश शास्त्रज्ञ योहान्सेन याने १९०९ साली 'जीन' असे नाव दिले. आपण त्याला जनुक म्हणतो.

मेंडेलचा वाटाणा मोठा सरळमार्गी. त्याने निवडलेल्या सातही गुणांत एक घटक, एक गुण असा चोख हिशेब लागला. त्यामुळे प्रारंभीच्या अभ्यासकांची अशी समजूत झाली की, घटक कळला की गुण कळला आणि गुण दिसला की घटक कळला. ह्या समजुतीला पहिला धक्का दिला तो एका फुलाने. केंब्रिज येथे विल्यम बेटसन आणि त्याचा सहकारी पनेट हे सुगंधी 'स्वीट पी' ह्या वेलीवर प्रयोग करीत होते. त्यांनी पांढऱ्या फुलांच्या दोन जातींचा संकर केला. दोन्हीकडे पांढरे, तेव्हा संततीही पांढरीच व्हावयाची, असे कोणीही म्हटले असते. प्रत्यक्षात सारी फुले जांभळी आली! त्या जांभळ्या वेलींची पुढची पिढी काढली तेव्हा सोळांत सुमारे नऊ जांभळी व सात पांढरी असे प्रमाण पडले.

ह्याचा उलगडा असा की, जांभळा रंग तयार व्हावयास दोन पायऱ्या चढाव्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर एक स्वतंत्र जनुक राबत असतो. आपल्याकडील रंगाऱ्याचे पाहा. कापड रंगवावयाचे तर त्याला रंगही हवा आणि तुरटीही हवी. एकाच्या घरी नुसता रंग आहे, दुसऱ्याच्या घरी नुसती तुरटी. दोघांचेही कापड कोरेच राहणार. पण ह्या दोन घरांची सोयरीक झाली तर मुलांच्या घरी दोन्ही वस्तू येतात आणि कापड रंगते. म्हणजे पांढरे फूल पाहून 'ह्यात रंगाचा जनुक नाही' असे म्हणणे धाडसाचे आहे. रंग असेलही, तुरटी नसेल. एका जनुकाच्या अभावाने दुसरा जनुक असूनही नसल्यासारखा होतो, ही गोष्ट बेटसनने अचूक हेरली. ती फुलांपुरती सर्वांनी मान्य केली. मनुष्याच्या बाबतीत मात्र तिचा विसर पडला.

ज्या सुमारास मेंडेलचा निबंध पुन्हा उजेडात आला, त्याच सुमारास, १९००-०१ मध्ये, व्हिएन्ना येथे कार्ल लँडस्टाइनर आपल्या सहकाऱ्यांची रक्ते एकमेकांत मिसळून पाहत होता. एकाच्या रक्तातील पातळ द्रव दुसऱ्याच्या तांबड्या पेशींवर घातला असता कधी पेशींचे गोळे होतात, कधी होत नाहीत, आणि ह्यात निश्चित नियम आहे, असे त्याला दिसून आले. त्यातून ए, बी आणि आपण आज ओ म्हणतो तो, असे तीन गट निघाले. पुढील वर्षी दुसऱ्या संशोधकांनी चौथा, एबी, शोधला. एका माणसाचे रक्त दुसऱ्यास देणे हा तोवर जिवावरचा खेळ होता. त्याला आता शास्त्राचा आधार मिळाला. लँडस्टाइनरला १९३० साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हे गट वंशपरंपरेने चालतात हे १९१० साली हायडेलबर्ग येथे फॉन डुंगर्न आणि लुडविक हिर्झफेल्ड यांनी कुटुंबेच्या कुटुंबे तपासून दाखविले. हा हिर्झफेल्ड आणि त्याची पत्नी हाना पहिल्या महायुद्धात सॅलोनिका येथील आघाडीवर डॉक्टर म्हणून गेली. तेथे दोस्तांच्या फौजांत देशोदेशींचे शिपाई होते. ह्या जोडप्याने आठ हजारांवर लोकांचे रक्त तपासले. त्यांत हिंदी शिपायांचीही एक मोठी तुकडी होती, आणि बी गटाचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले ते त्या हिंदी शिपायांत. लढावयास गेलेल्या आपल्या लोकांचा असाही एक उपयोग झाला. ह्याच आकड्यांवर गणित करून गटिंगेनचा गणितज्ञ फेलिक्स बर्नस्टाइन याने १९२४ साली सिद्ध केले की, ए, बी आणि ओ ही एकाच जनुकाची तीन रूपे असून प्रत्येक माणसाजवळ त्यांपैकी कोणतीही दोन असतात. ए आणि बी हे दिसतात. ओ दबून राहतो. ओ गटाच्या माणसाजवळ दोन्ही रूपे ओ असली पाहिजेत.

यावरून साहजिकच असा नियम बसला की, आईबापांपैकी एकाजवळही बी नसेल तर मुलात बी येणे शक्य नाही. हा नियम न्यायालयांत गेला. अमेरिकेत चार्ली चॅप्लिन याच्यावर एका तरुणीने लावलेल्या पितृत्वाच्या दाव्याचा निकाल १९४५ साली लागला, तो पुष्कळांना ठाऊक असेल. आईचा गट ए, मुलीचा बी आणि चॅप्लिनचा ओ. डॉक्टरांनी साक्ष दिली की, हा मनुष्य बाप असणे शक्य नाही. ज्युरीने ती मानली नाही आणि निकाल त्याच्याविरुद्ध दिला. त्या वेळी शास्त्रज्ञ ज्युरीवर संतापले, आणि ते योग्यच होते. त्या खटल्यात डॉक्टरांचे म्हणणे चुकले होते असे समजण्यास आजही कारण नाही. पण 'शक्य नाही' हा शब्द ज्या ठामपणाने उच्चारला गेला, तो ठामपणा पुढे सातच वर्षे टिकला.

१९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक लहानसा लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत पहिली तीन नावे मुंबईची होती: डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. पुढची चार लंडनची: रूथ सँगर, रेस, मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. मुंबईत तीन व्यक्ती अशा आढळल्या होत्या की, त्यांच्या रक्ताचा मेळ कोणत्याच गटाशी बसेना. त्यांच्या तांबड्या पेशींत ए नव्हता, बी नव्हता. तेव्हा त्या ओ गटाच्या असाव्यात. परंतु त्यांचा रक्तद्रव तपासला तर तो ए गटाच्या पेशींचे गोळे करी, बी गटाच्या पेशींचे करी आणि ओ गटाच्या पेशींचेही करी! ओ गटाचे रक्त म्हणजे वाटेल त्याला चालणारे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ह्या तिघांना ते देखील विषासमान होते.

मुंबईकरांनी नमुने लंडनला पाठविले ते योग्य ठिकाणी पाठविले. मॉर्गन आणि वॉटकिन्स ही दोघे लिस्टर संस्थेत रक्तगटांच्या रसायनाचा शोध घेत होती, आणि ओ गटाच्या पेशींवरही एक द्रव्य असते हे त्यांना उमगले होते. त्याला त्यांनी एच असे नाव दिले होते. मुंबईच्या तिघांत हा एचच नव्हता.

हे प्रकरण समजावयास एक घरगुती दृष्टांत घेऊ. तांबड्या पेशीच्या अंगावर खुंट्या असतात असे समजा. ह्या खुंटीचे नाव एच. ज्याच्याजवळ ए जनुक आहे त्याच्या खुंटीवर पगडी लटकते. बी असेल तर टोपी. दोन्ही असतील तर काही खुंट्यांवर पगड्या व काहींवर टोप्या. ओ गटाच्या माणसाजवळ पगडीही नाही आणि टोपीही नाही. त्याच्या खुंट्या रिकाम्याच असतात. आता मुंबईच्या ह्या तीन व्यक्तींच्या घरी खुंट्याच नाहीत. मग ट्रंकेत पगडी असली काय अन् नसली काय, बाहेरच्या माणसाला ती दिसणार कशी? वरवर पाहणारा म्हणेल, 'रिकाम्या भिंती, हे ओ गटाचे घर.' पण ओ आणि हे घर यांत महदंतर आहे. ज्याने जन्मात खुंटी पाहिली नाही त्याचे शरीर खुंटीलाच शत्रू समजते आणि तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्य तयार करून ठेवते.

खुंटी, पगडी, टोपी ह्या वस्तू म्हणजे वस्तुतः साखरेचे अगदी लहान लहान अंश आहेत. एका साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची शर्करा जोडली की एच होतो. त्यावर गॅलॅक्टोजचा एक प्रकार जोडला की ए आणि साधे गॅलॅक्टोज जोडले की बी. जनुक स्वतः साखर बनवीत नाही. तो एक कामगार, म्हणजे एक विकर, घडविण्याची कृती तेवढी सांगतो. साखर जोडण्याचे काम तो कामगार करतो. खुंटी ठोकणारा कामगार एका जनुकाचा, पगडी अडकविणारा दुसऱ्या जनुकाचा. दोन्ही जनुके दोन वेगळ्या गुणसूत्रांवर, एक एकोणिसाव्या आणि एक नवव्या, राहतात आणि वारशाने स्वतंत्रपणे उतरतात. बेटसनच्या वेलीवरील पांढऱ्या फुलाची हीच कथा, फक्त रंग आणि तुरटीऐवजी पगडी आणि खुंटी.

ट्रंकेत खरोखर काही होते की नाही, ह्याचा पुरावा १९५५ साली अमेरिकेत मिळाला. लँडस्टाइनरचा जुना सहकारी फिलिप लेव्हीन याच्याकडे एका इटालियन घराण्यातील स्त्रीचे प्रकरण आले. ती तपासणीत ओ ठरत होती. परंतु तिच्या अपत्यात बी उतरला होता, आणि तो तिच्याकडूनच आला असला पाहिजे हे कुटुंबाच्या तपासणीवरून स्पष्ट झाले. तिच्याजवळ बी जनुक होता. खुंटी नसल्यामुळे तो तिच्यात कधी दिसला नाही. मुलाला बापाकडून चांगला एच मिळाला, खुंट्या उभ्या राहिल्या आणि आईच्या ट्रंकेतली टोपी त्यांवर दिसू लागली. हा प्रकार 'बाँबे' ह्या नावानेच सर्वत्र ओळखला जाऊ लागला. शहराचे इंग्रजी नाव १९९५ साली अधिकृतपणे बदलले, पण रक्ताचे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत बाँबेच राहिले आहे.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. रक्ताच्या कागदावरील एका अक्षरावरून आईच्या शीलाबद्दल संशय घेण्याची बुद्धी माणसाला फार लवकर होते. एखाद्या घरी बाप ए, आई ओ आणि मूल एबी निघाले, तर शंभरांत बहुतेक वेळा तपासणीत काही चूक झालेली असेल. पण चूक नसेल तरी त्या स्त्रीने काही केले असलेच पाहिजे असे नाही. तिच्या अंगी खुंटी नसेल, एवढेच. चांगल्या प्रयोगशाळेत हे एका दिवसात कळू शकते. ते न कळताच किती घरांत अबोला धरला गेला असेल, हे कोणत्याही आकडेवारीत सापडावयाचे नाही.

प्रत्यक्ष जनुकाची अक्षरे वाचणे पुढे चाळीस वर्षांनी साधले. १९९० साली जपानी शास्त्रज्ञ यामामोतो व त्याचे सहकारी यांनी रक्तगटाचा जनुक उलगडला. ए आणि बी ह्या दोघांच्या कामगारांत अवघ्या चार घटकांचा फरक. ओ मध्ये तर एकच अक्षर गळालेले. पण ते असे मधूनच गळाले की, पुढचे सारे वाक्य बिघडले आणि कामगार निकामी झाला. एचचा जनुकही त्याच वर्षी हाती आला, आणि १९९७ साली हिंदुस्थानातील बाँबे गटाच्या लोकांत त्याची तपासणी झाली. त्या जनुकात सातशे पंचविसाव्या जागी एका अक्षराऐवजी दुसरे पडले आहे. एवढ्या लांब मजकुरात एका जागी मुद्रणदोष, आणि त्यापायी माणसाच्या साऱ्या रक्तातील लक्षावधी खुंट्या नाहीशा!

बरे, ह्या अभावामुळे त्या माणसाचे काही बिघडते काय? मुळीच नाही. तो जेवतो, झोपतो, म्हातारा होतो. त्याला रक्ताचा कोणताही रोग नसतो. हा भेद दोष नव्हे आणि गुणही नव्हे. अपघात, बाळंतपण किंवा मोठी शस्त्रक्रिया, अशा प्रसंगी दुसऱ्याचे रक्त घेण्याची वेळ आली म्हणजेच त्याचे महत्त्व, आणि तेव्हा ते जीवनमरणाचे असते.

येथे आपल्या स्वयंपाकघरातील एका धान्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९५१ साली बर्ड ह्या संशोधकाने बंगलोरच्या 'करंट सायन्स' नियतकालिकात असे दाखविले की, कुळथाच्या अर्कात ए गटाच्या पेशींचे नेमके गोळे करण्याची शक्ती आहे. होय, तोच कुळीथ, ज्याची पिठी कोकणात भाताबरोबर ओरपतात! जगातील रक्तपेढ्यांत ए गटाचे पोटभेद ओळखण्यासाठी कुळथाचा अर्क वापरला जाऊ लागला. एच ओळखावयास मात्र युरोपातील 'गॉर्स' ह्या काटेरी पिवळ्या फुलांच्या झुडुपाचे बी लागते. ओ गटाच्या पेशींवर त्याचा अर्क घातला की गोळे होतात, बाँबे गटाच्या पेशींवर काहीच होत नाही.

असा मनुष्य किती दुर्मीळ? युरोपात दहा लाखांत एखादा सापडला तर सापडतो. मुंबईत भाटिया आणि साठे यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे ७,६०० माणसांमागे एक असे प्रमाण आढळले. मोठ्या शहराच्या लोकसंख्येत हा आकडा हजारांच्या घरात जातो, आणि त्यांतील बहुतेकांना आपण कोण आहोत याचा पत्ता नसतो. बिघडलेला जनुक एकाच बाजूने आला तर काहीच होत नाही. आईकडूनही तोच आणि बापाकडूनही तोच यावा लागतो. म्हणून नात्यात लग्ने होतात, किंवा पिढ्यान्‌पिढ्या एका लहान जातीतच सोयरिकी जुळतात, तेथे तो अधिक आढळतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या कित्येक समाजांत आहे. त्या दोघांचे आजोबा एकच असल्याने बिघडलेली एकच अक्षरमाळ दोन्ही वाटांनी येऊन एका मुलात भेटण्याचा संभव वाढतो.

घोटाळा कोठे होतो तेही सांगितले पाहिजे. केवळ पेशी तपासल्या तर हा मनुष्य ओ म्हणून नोंदला जातो आणि खिशात तसे कार्ड बाळगतो. ते कार्ड पाहून त्यास ओ रक्त दिले तर त्याचे प्रतिद्रव्य त्या पेशी फोडून टाकते. ताप, थंडी, कमरेत कळा, आणि पुढे मूत्रपिंडे बंद पडण्याचे भय. ह्यासाठी रक्तपेढीत उलट तपासणीही करावयाची असते, म्हणजे त्या माणसाचा रक्तद्रव घेऊन तो माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींवर घालून पाहावयाचा. ओ पेशींच्या नळीत गोळे झाले की तपासनिसाने कान टवकारलेच पाहिजेत. ह्या एका नळीचा कंटाळा कोणी करू नये.

निदान झाले तरी रक्त आणावयाचे कोठून, हा प्रश्न उरतोच. बाँबे गटाचा माणूस आपल्या तांबड्या पेशी ए, बी, ओ यांपैकी कोणत्याही गटाच्या माणसाला देऊ शकतो. घेऊ मात्र शकतो तो केवळ बाँबे गटाच्याच माणसाकडून. म्हणून ठिकठिकाणी अशा दात्यांच्या याद्या ठेवल्या आहेत आणि गरज पडली की टेलिफोन, विमान यांची धावपळ होते. २०१७ साली कर्नाटकातून अशा रक्ताच्या दोन पिशव्या थेट म्यानमारमधील यांगून शहरी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी पाठविण्यात आल्या. पण परक्या गावची यादी उघडण्याआधी डॉक्टर घरच्याच माणसांकडे वळतात. आईबाप दोघांतही हा जनुक दडलेला असल्यामुळे प्रत्येक सख्ख्या भावंडात तो गट असण्याचा संभव चारांत एक असतो. असा एक मनुष्य सापडला की पहिले बोलावणे जाते ते त्याच्या भावाबहिणींना.